चिनी मैत्रिणीच्या घरी नववर्षाला जाताय? आजी, आई आणि ती, तिघींमध्ये कसं वागायचं

कोणी कामानिमित्त शांघाय-शेन्झेनला राहतंय, कोणाची पोरं तिकडे एमबीबीएस करतायत, कोणाची वहिनीच चिनी आहे, आणि मग कधीतरी आमंत्रण येतं की यंदा नववर्षाला आमच्या घरी चल. काय खायचं, काठ्या कशा धरायच्या ते नेटवर शंभर ठिकाणी लिहिलेलं सापडेल, ते मी लिहीत नाहीये. त्या घरात एकाच टेबलाला तीन बायका बसलेल्या असतात, आजी, आई आणि तुमची मैत्रीण, आणि तिघींचं आपसात जे काय चाललेलं असतं ते आपल्याला कळत नाही, मग आपण पटकन ठरवून टाकतो की आजी जुनाट, आई कटकट करणारी आणि पोरगी बिचारी मॉडर्न, अडकलीये. तसं नसतं हो. माझं मत विचाराल तर तिघींनीही आपापल्या वेळी घरच्यांशी भांडून काहीतरी मिळवलेलं असतं आणि बदल्यात काहीतरी सोडलेलं असतं, फक्त प्रत्येकीचा सौदा वेगळा. तो सौदा काय होता तेवढं समजून घेऊन जा, निम्मं काम होतं.

आधी जन्मसालं काढा

तिकडे वय विचारलं तर सहसा कोणी रागावत नाही, पण त्याहून सोपं म्हणजे "तुमचं वर्ष कुठल्या प्राण्याचं?" असं विचारा. उंदीर, बैल, वाघ, ससा असं बारा वर्षांचं चक्र आहे, वयाचा अंदाज डोळ्याला येतोच, त्यामुळे साल बरोब्बर निघतं आणि गप्पाही सुरू होतात.

आजी समजा १९४५ ते ५० मधली. तिच्या आईचे किंवा आजीचे पाय बांधलेले असू शकतात, कारण १९१२ ला सरकारने बंदी घातली तरी खेड्यापाड्यांत ते पुढे कितीतरी वर्षं चालू होतं. १ मे १९५० ला नवा विवाह कायदा आला, घरच्यांनी जबरदस्तीने लावलेली लग्नं बंद, एकीवर दुसरी आणून ठेवणं बंद, बाईला घटस्फोट मागायचा हक्क आणि लग्नानंतर स्वतःचं आडनाव ठेवायचा पण. (चीनमध्ये बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, आजीसुद्धा नाही, त्यामुळे वडलांच्या आडनावावरून आईला मिसेस अमुकतमुक म्हणायला जाऊ नका.) मग आली कम्युनची, म्हणजे गावाने मिळून करायची सामूहिक शेती, तिथे पैसे नाही तर कामाचे गुण मिळायचे, दिवसभर राबलं की पुरुषाला साधारण १० आणि बाईला ७-८, काम तेवढंच केलं तरी. बायकांनी अर्धं आकाश पेललंय हे घोषणांमध्ये होतं आणि घरी आल्यावर चूल तिचीच. म्हणजे ही आयुष्यभर घराबाहेर राबलेली बाई आहे, तिला देव्हाऱ्यात बसवल्यासारखं हळू आवाजात बोलायला जाल तर तीच हसेल तुम्हाला.

आई १९६५ ते ७० मधली, आणि माझ्या मते तिघींमध्ये सगळ्यात कमी समजून घेतली जाणारी हीच. हिच्या लग्नाच्या वेळी एका मुलाचा नियम चालू होता, १९८० ला आला तो थेट २०१५ संपेपर्यंत राहिला. पहिलं मूल झालं की तांबी बसवून घ्यायची, आणि हिशेब ठेवायला नोकरीच्या ठिकाणचे लोक. मग ९० च्या दशकाच्या शेवटी सरकारी कारखान्यांमधून कोट्यवधी लोकांना घरी बसवलं, त्यात बायकांचा नंबर आधी लागला. गावाकडची असेल तर त्याच काळात ती शेन्झेन-डोंगग्वानच्या फॅक्टरीत हॉस्टेलमध्ये राहून खेळणी नाहीतर कपडे शिवत असेल आणि पोरगी आजीकडे गावाला. तर ही बाई जेव्हा पोरीला "सरकारी नोकरी बघ, स्थिर काहीतरी बघ" म्हणते ना, तेव्हा ती परंपरा सांगत नसते, तिच्या हातातून गेलेली नोकरी बोलत असते.

आणि मैत्रीण, १९९० च्या पुढची. इथे एक प्रश्न नक्की विचारा, एकुलती एक आहे की धाकटा भाऊ आहे? ह्याच्यावर खूप काही ठरतं. एकुलती एक असेल तर मुलगा असता तर जे केलं असतं ते सगळं हिच्यासाठी झालंय, ट्यूशन, पियानो, १९९९ नंतर युनिव्हर्सिटीच्या जागा भराभर वाढल्या त्यातली एक जागा, सगळा पैसा हिच्यावर. पण मग म्हाताऱ्या आईवडलांची आणि चार आजीआजोबांची नजर पण हिच्यावरच, वाटून घ्यायला कोणी नाही. धाकटा भाऊ असेल तर बहुतेक घर गावाकडचं, कारण अनेक प्रांतांत ८० च्या दशकाच्या मध्यापासून गावातल्या जोडप्याला पहिली मुलगी झाली तर दुसऱ्याची परवानगी होती. अशा घरातल्या थोरलीचा पगार भावाच्या फीला, भावाच्या फ्लॅटला, भावाच्या लग्नाला जातो. एकुलतीला वेळ आणि मोकळीक हवी असते, थोरलीला आधी घरी जाणाऱ्या पैशाला कुठेतरी मर्यादा घालायची असते. दोघींना एकच सल्ला देऊ नका.

हाक आणि हातातलं सामान

हे पटकन. वडलांची आई नायनाय, आईची आई उत्तरेत लाओलाओ आणि दक्षिणेत वाइपो, मैत्रिणीची आई आयी. आत शिरल्यावर सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी हाक. वस्तू दोन्ही हातांनी द्या, जोडीने द्या, चार नग नको, घड्याळ तर अजिबात नको कारण ते मरणाशी जोडलं जातं. फळांची पेटी, दुधाचा बॉक्स, सुकामेवा काहीही चालतं, आपल्याकडचे काजू नेले तर आजी खूष.

जेवताना लग्नाचा विषय निघतो तेव्हा

निघणारच, तुम्ही तिथे आहात म्हणून थोडा उशिरा निघेल एवढंच. खरं तर तुम्हाला बोलावण्यामागे हे पण एक कारण असू शकतं, पाहुण्यासमोर काका-काकू जरा आवरून प्रश्न विचारतात. तुम्ही पुरुष असाल तर मात्र आधीच मैत्रिणीला स्पष्ट विचारून घ्या की घरी माझी ओळख काय सांगितलीये, कारण नववर्षाला पोरीने एखादा मुलगा घरी आणला म्हंजे तो जवळजवळ ठरलाच असा अर्थ घेतला जातो, आणि काही मुली ह्या एका आठवड्यापुरता भाड्याने बॉयफ्रेंड नेतात हे खरं आहे, जोक नाही.

संदर्भ म्हणून, २०१३ ला चीनमध्ये १ कोटी ३४ लाखांवर लग्नांची नोंद झाली आणि २०२४ ला साधारण ६१ लाख. म्हणजे आई घाबरलीये ते उगाच नाही. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी आईबाप उघड्या छत्र्यांवर पोरापोरींचे बायोडेटे लावून बसतात, जन्मसाल, उंची, पगार, फ्लॅट आहे का, आणि कितीतरी वेळा पोरीला पत्ताच नसतो. सत्ताविशी ओलांडलेल्या अविवाहित मुलींसाठी 'उरलेली' असा एक शब्द आहे, २००७ ला तो शिक्षण मंत्रालयाच्या नव्या शब्दांच्या यादीतसुद्धा गेला, तो तुम्हाला माहीत असला तरी तोंडातून काढू नका, गंमत म्हणून पण नाही.

मैत्रीण काय करते ते बघा, शिकण्यासारखं असतं. ती सहसा वाद घालत नाही. ती म्हणते "योग आला की होईल", ह्याच्यावर कोणी म्हातारं माणूस काय बोलणार, योगावर तर त्यांचाच विश्वास. आणि दुसऱ्या बाजूने ती आईवडलांचं फुल बॉडी चेकअप बुक करते, वडलांना नवा फोन, आजीच्या हातात पैशाचं लाल पाकीट. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पैसे देऊन तोंड बंद करतेय, पण मुलगी म्हणून मी कुठे कमी पडत नाही हे सिद्ध करून झालं की लग्नाच्या बाबतीत थांबायची मुभा तिला मिळते, असा तो व्यवहार आहे. तो मोडू नका. "तिला तिचं आयुष्य जगू द्या ना" असलं वाक्य तुम्ही टाकलंत की आई तुमच्यासमोर हसेल आणि तुम्ही गेल्यावर पोरीला ऐकून घ्यावं लागेल. त्याऐवजी आईला पोरीच्या कामाबद्दल काहीतरी ठोस सांगा, तिने अमुक प्रोजेक्ट कसा सांभाळला, ऑफिसात लोक तिला कसं विचारतात. आईची खरी भीती अशी असते की म्हातारपणी पोरगी आजारी पडली तर हिच्याजवळ कोण असेल. पोरगी स्वतःच्या पायावर घट्ट उभी आहे हे बाहेरच्या माणसाकडून ऐकलं की ती भीती थोडी कमी होते.

जोडपं असेल तर: नववर्षाची आदली रात्र कोणाकडे

जुनी पद्धत अशी की आदल्या रात्रीचं जेवण नवऱ्याच्या आईबापाकडे आणि सून माहेरी जाते ती नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी. चार-पाच भावंडं होती तोवर हे चालून गेलं, कोणी ना कोणी घरी असायचंच. आता नवरा एकुलता एक आणि बायको पण एकुलती एक, मग त्या रात्री ज्यांच्याकडे नाही गेले ते दोघं म्हातारे एकटे टीव्ही बघत बसणार. ह्यावरून नवराबायकोत दरवर्षी भांडणं होतात.

तोडगे जे मी बघितलेत ते असे, एक वर्ष ह्यांच्याकडे एक वर्ष त्यांच्याकडे, किंवा ज्याने त्याने आपापल्या घरी जायचं (ह्याला आजीचा विरोध असेल असं वाटतं पण बऱ्याचदा आजीला चालतं, विरोध सासऱ्यांचा असतो), किंवा दोन्हीकडच्यांना घेऊन सरळ हायनान बेटावर, समुद्रकिनारी. तिसरा सगळ्यात महाग आणि सगळ्यात शांत. तुमची मैत्रीण ह्यातलं काही करत असेल तर "पण परंपरा काय सांगते" असं कुतूहलाने पण विचारू नका, ते उत्तर देऊन ती थकलेली असते.

फ्लॅट कोणाच्या नावावर ते कळलं की बाकीचं कळतं

मूल्यं बदलली, विचार बदलले ह्या गप्पा मी आता फार ऐकत नाही, मी फ्लॅटबद्दल विचारते. (थेट नाही, "ह्या भागात भाव काय चाललाय" असं.) पद्धत अशी की मुलाकडच्यांनी घर द्यायचं, मुलीकडच्यांनी आतलं सामान, गाडी वगैरे. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने असा अर्थ लावला की एका बाजूच्या आईबापाने घेऊन फक्त आपल्या मुलाच्या नावावर केलेलं घर हे त्याचंच, घटस्फोटात वाटणी नाही. मग जिने दहा वर्षं त्या घराचं सामान, हप्ते, दुरुस्त्या ह्यात पैसे घातले तिच्या हातात काय? नियमांचे तपशील पुढे बदलत गेले पण मुलींच्या आयांनी धडा घेतला तो घेतलाच. कागदावर पोरीचं नाव घाला म्हणून अडून बसणाऱ्या आया मी पाहिल्यात, आणि लग्नाआधी पोरीच्या नावावर छोटासा का होईना फ्लॅट घेऊन ठेवणाऱ्या पण. जी आई रोज "लग्न कर लग्न कर" म्हणते तीच आई निवृत्तीचे पैसे मोडून पोरीला असा फ्लॅट घेऊन देते की लग्न मोडलं तर परत यायला जागा हवी. दोन्ही एकाच बाईच्या डोक्यात आहे, ह्यात विरोध नाही.

मुलाकडून मुलीकडे जाणारी रक्कम, त्साय-ली, हा अजून एक नाजूक विषय. आपल्याकडे हुंडा उलटा वाहतो म्हणून आपण लगेच प्रवचन सुरू करतो, नको. काही घरांत तो पैसा आईबाप पोरीलाच परत देतात, काही घरांत त्यातून भावाचं लग्न होतं, तुम्हाला कुठलं घर आहे ते माहीत नाही.

आणि एक छोटी गोष्ट जी फार मोठी होती. लग्नाची नोंद करायला कुटुंबाचं हुकोउ पुस्तक, म्हणजे घरातल्या सगळ्यांची सरकारी नोंदवही लागायची, आणि ते पुस्तक आईच्या कपाटात. मुलगा पसंत नाही? पुस्तक लपवलं, विषय संपला. १० मे २०२५ पासून ओळखपत्र पुरतं आणि देशात कुठेही नोंद करता येते. मैत्रीण कोणासोबत राहत असेल आणि घरी पसंत नसेल तर तिला हे नक्की माहीत असणार, तुम्ही टेबलावर काढू नका एवढंच.

बाळाचा विषय

बाळंतपणानंतर तिकडे महिनाभर बाई घराबाहेर पडत नाही, थंड पाण्याला हात नाही, केस धुवायचे नाहीत, वारं लागू द्यायचं नाही, सूप वर सूप. सव्वा महिना पाळलेल्या घरातल्या कोणालाही हे नवीन वाटणार नाही. वाद कशावरून होतो तर करणार कोण, सासू की आई, आणि एसी लावायचा की नाही. शहरातल्या मुलींनी काढलेला मार्ग मला फार हुशार वाटतो. त्या पगारी बाई ठेवतात किंवा त्यासाठीच्या सेंटरमध्ये जाऊन राहतात. महिना पाळला जातो, आजीचा मान राहतो, आणि नियम सांगणारी बाई पैसे घेऊन काम करणारी असल्यामुळे तिला "आज मी केस धुणार" असं सांगता येतं. खर्च मात्र जबरी.

आडनावाचं पण बघा. जियांगसू-झेजियांग प्रांतांकडे एक प्रकार चाललाय, कोणी कोणाला लग्नाचे पैसे द्यायचे नाहीत, जोडपं दोन्ही घरी राहतं, दोन मुलं झाली तर एकाला वडलांचं आडनाव आणि एकाला आईचं. ऐकायला एकदम पुरोगामी. पण रेटा कोणाचा असतो माहितीये? मुलीच्या वडलांचा, वंश पुढे चालायला हवा म्हणून. मुलगीही खूष. जुन्या हट्टातून नवी मोकळीक निघते ती अशी, त्यामुळे कोण जुनं कोण नवं ह्याच्या भानगडीत न पडलेलं बरं.

लग्न न करता मूल हवं असेल तर रस्ता अजून अरुंद आहे. शू झाओझाओ ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या बीजिंगच्या बाईला अविवाहित म्हणून बीजांडं गोठवून ठेवायला नकार मिळाला, ती कोर्टात गेली, बरीच वर्षं लढली आणि ऑगस्ट २०२४ ला शेवटचा निकाल पण विरुद्ध लागला. मैत्रीण तिशीच्या पुढची असेल तर हे प्रकरण तिला माहीत असणारच. तिने काढलं तर ऐका.

नातवंडं सांभाळायचं काम आईकडे येतं त्याला पण कारण आहे, कारखान्यातल्या बायकांची निवृत्ती ५० ला आणि ऑफिसवाल्यांची ५५ ला होती. म्हंजे पोरीला मूल व्हायच्या वयात आई मोकळी. १ जानेवारी २०२५ पासून हे हळूहळू वाढवत ५५ आणि ५८ करणार आहेत, मग पोरं कोण सांभाळणार हा प्रश्न प्रत्येक घरात चालू आहे. आणि आयांना पण कंटाळा येतो हे आता बोललं जातं. झेंगझोउची सू मिन, मुलीची जुळी मुलं बालवाडीत जाईपर्यंत थांबली आणि सप्टेंबर २०२० मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, नवऱ्याला घरी ठेवून छोट्या गाडीच्या टपावर तंबू बांधून एकटी देश फिरायला निघाली. मैत्रिणीच्या आईला हिच्याबद्दल विचारून बघा, "बेजबाबदार" म्हणेल नाहीतर फोनमधले व्हिडिओ काढून दाखवेल, काही जणी दोन्ही करतात.

आजीशी गप्पा

आजीला "तुमच्या काळी बायकांना किती त्रास होता नाही" असं विचारू नका, ती "सगळ्यांनाच होता" म्हणून विषय संपवेल. काम विचारा. किती गुण मिळायचे, पहिली सायकल कधी घेतली, लग्नात काय मिळालं, नवरा आधी बघितला होता का. मग ती सुटते.

आपल्याकडे एक हुकमी पत्ता आहे, डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे, १९३८ ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिकडे त्यांना के दीहुआ म्हणतात, आणि आजीच्या पिढीला, खास करून हबेईकडच्या लोकांना, हे नाव माहीत असतं. त्यांची बायको क्वो छिंगलान नर्स होती, १९४१ ला लग्न, १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा आणि डिसेंबरमध्ये कोटणीस गेले. पुढे तिने दुसरं लग्न केलं, आणि तरीही सोलापूरच्या सासरशी नातं ठेवलं, भारतात येऊन गेली, २०१२ ला वारली. मी हे सांगितलं की आज्या सासर-माहेर-दुसरं लग्न ह्यावर स्वतःहून बोलायला लागतात, हा अनुभव आहे.

घर ग्वांगडोंगमधल्या शुन्दे भागातलं असेल तर केस स्वतः विंचरून वर बांधणाऱ्या बायकांबद्दल विचारा. लग्न झाल्यावर बांधायचा अंबाडा ह्या बायका लग्न न करताच, शपथ घेऊन स्वतः बांधायच्या. रेशमाच्या कारखान्यात स्वतःची कमाई होती म्हणून जमलं, रेशीम बसलं तेव्हा कितीतरी जणी सिंगापूरला घरकामाला गेल्या, घरी पैसे पाठवत राहिल्या आणि म्हातारपणी एकत्र राहायला गावात वर्गणी काढून वास्तू बांधली, ती अजून आहे. हुनानच्या जियांगयोंगकडचं घर असेल तर नुशू, फक्त बायकांची लिपी, लग्न होऊन जाणाऱ्या मैत्रिणीला ती लिहून द्यायच्या. झेजियांगमधलं शाओशिंग असेल, जिथे कापडाच्या धंद्यात आपले भारतीय लोक पण आहेत, तर क्रांतिकारक छ्यू जिनबद्दल विचारा, ती नवरा-पोरं सोडून १९०४ ला जपानला शिकायला गेली आणि १९०७ ला बंडासाठी तिथेच शाओशिंगला तिचा शिरच्छेद झाला. लुगू तलावाकडच्या मोसुओंचं मातृसत्ताक वगैरे मात्र सगळ्या चीनला लावू नका, ते फार छोटा समाज आहेत आणि पर्यटकांनी त्यांना आधीच पुरेसा त्रास दिलाय.

फोटो टाकायच्या आधी

वीचॅटवर (तिकडचं व्हॉट्सॲप म्हणा) मैत्रिणीने आईवडलांना तिच्या पोस्ट दिसू नयेत अशी सोय केलेली असायची बरीच शक्यता आहे, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर ती रोज "जेवले" असं टाकत असते. दोन्ही खरं आहे. आई तुम्हाला पण ॲड करेल, नाही म्हणू नका, पण मग तुमच्या पोस्ट आईला दिसणार हे लक्षात ठेवा. मागच्या महिन्यात मैत्रिणीसोबत कुठे होतात, सोबत कोण होतं, तिच्या हातात ग्लास कसला होता, हे सगळं आई रात्री निवांत खाली खाली सरकवत बघते. ॲड करायच्या आधी बाथरूमला जायचं निमित्त काढा आणि जुन्या पोस्ट फक्त तीन दिवसांच्या दिसतील असं सेटिंग करून घ्या.